करड्या घोड्याचं खोगीर

खोगीर काढताच वास आला. पोलीस अधिकारी गानखुयागनं नाकावर बाही धरली. करड्या घोड्याच्या पाठीवरची जखम तळहाताएवढी होती. खोगिराखालचा लोकरीचा नमदा तिला चिकटला होता. तो सोडवताना मांसातून अळ्या गळल्या.

याच घोड्यानं सकाळी अनुजिनला फेकलं होतं. राजधानीतून उन्हाळी शिबिराला आलेली पोर. तालुक्याच्या दवाखान्यात तिचे पाय हलत नव्हते.

"पडल्यावर लागलं असेल," शिबिराचा मालक त्सोग्तबायार म्हणाला. "घोडाही लोळला ना."

"सकाळच्या जखमेत आत्ताच एवढ्या अळ्या?"

"मग या म्हाताऱ्यानं लपवली. खोगीर तोच घालतो. मी घोड्यांच्या जवळही जात नाही. न्या त्याला, साहेब."

ल्हामसुरेन, शिबिराचा घोडेवाला, जमिनीकडे बघत होता.

"आजोबा, बोला."

"पाठ सडली म्हणून मीच सोडला होता त्याला माळावर. सकाळी मी दुभत्या घोड्या दोहायला पलीकडं होतो. आलो, तर पोर खाली पडलेली."

"कुणी पाहिलं तुम्हाला?"

"घोड्यांनी."

गानखुयाग घोडे बांधायच्या दोरीच्या कडेनं चालत गेला. घोडे माश्यांनी हैराण होऊन शेपट्या झाडत होते. माश्या पळवायच्या शेणाच्या धुनीची राख एकाच जागी होती. करड्याच्या जागेपुढे.

त्यानं अनुजिनच्या मैत्रिणीला, तेमुलेनला, बाजूला घेतलं.

"ही धुनी कुणी केली?"

"मालककाकांनी. आम्ही हसलो. स्वतःची चूल पेटवत नाहीत, आणि घोड्याची सेवा!"

"खोगीर तेव्हा होतं?"

"हो. काका म्हणाले, आजोबांनी घालून ठेवलंय."

गानखुयाग परत आला.

"त्सोग्तबायार, धुनी एकाच घोड्याला का?"

"माश्या फार होत्या."

"सगळ्यांवरच आहेत. पण खोगिराखालचा वास माश्यांना येत होता, म्हणून याच्यावर थवा बसला असता. मुलांनी पाहिलं असतं, विचारलं असतं. जखम माहीत असलेला माणूसच या एकट्यासाठी धूर करेल. आणि ती माहीत असून आजोबांनी खोगीर घातलं असतं, तर धुनीही त्यांनीच केली असती. ती तुम्ही केलीत. माळावरून घोडा आणला तुम्ही, खोगीर घातलं तुम्ही."

त्सोग्तबायारनं घाम पुसला.

"आज पालक मुलांची घोडेस्वारी बघायला यायचे होते. एक घोडा कमी पडत होता. एकच पोर पायी कशी दाखवायची?"

"अनुजिनच का?"

"सगळ्यांत हलकी ती. मी विचार करूनच दिला, साहेब. जाड मुलगा बसवला असता तर घोड्याला किती दुखलं असतं."

गानखुयाग बाजूला जाऊन थुंकला.

"गाडीत बसा," तो म्हणाला. "मागं. माझ्याशी बोलू नका."

ल्हामसुरेननं पाण्यात मीठ कालवलं आणि तो जखम धुऊ लागला. घोडा थरथरला, पण जागचा हलला नाही.

"साहेब," त्यानं मान वर न करता विचारलं, "पोरीच्या पायांचं काय म्हणतात?"

"अजून काही सांगत नाहीत, आजोबा."

म्हातारा एकेक अळी वेचत राहिला.