कॅराव्हॅनची पाणीपरीक्षा

"आत्या, लगेच हो म्हणू नकोस हां!" टेम्पोतून उडी मारता मारता मनस्वीने बजावलं.

"अगं, बघ तरी! कसली देखणी हाय!" भावनाआत्या आधीच भुलली होती.

नेऱ्यातल्या धर्मराजशेठच्या फार्महाऊसवर, आंब्याखाली, मोटारीमागे ओढायची जुनी कॅराव्हॅन उभी होती. गोलसर, पांढरीशुभ्र, नव्या रंगाने लखलखणारी. आत्याने होडीतला आपला वाटा विकला होता. त्या पैशांत ही कॅराव्हॅन घेऊन तिला कर्नाळ्याच्या रस्त्यावर तळलेल्या मासळीचा स्टॉल टाकायचा होता. गाडी फसवी निघाली तर होडीही गेली आणि स्टॉलही! म्हणूनच तिची तीन भाचरं सुट्टीत गव्हाणहून सोबत आली होती: मनस्वी, धाकटा प्रणित आणि चुलतबहीण वेणू.

"जुनी आहे, पण आत पाण्याचा थेंब येणार नाही!" शेठ म्हणाला. "आज टोकन द्या, आजच ओढून न्या."

मनस्वी आत शिरली आणि बोटांनी भिंती ठोकू लागली. उन्हाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की त्यांच्या घरातली पोरं अशीच फळीन् फळी वाजवून बघत. ठण! ठण! मागच्या कोपऱ्यात मात्र... भद!

"शेठ, इथलं लाकूड कुजलंय."

"जुन्या गाडीचा आवाज असाच असतो, बाळ!"

"होडीचा पण असाच येतो. बुडायच्या आधी!" प्रणित म्हणाला.

"मग छतावर पाणी ओतून बघू," मनस्वी म्हणाली.

"अरेरे! पाण्याची मोटर आजच जळाली."

पण दारात उभ्या शेठमागच्या झाडांची आळी आत्ताच पाण्याने भरलेली दिसत होती! मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"टेम्पोत मासळीची पेटी हाय ना!" वेणू कुजबुजली. "बाजारातून घातलेला सगळा बर्फ वितळून पाणी झालंय!"

मनस्वीने मोबाइल काढला. "शेठ, त्या कोपऱ्यात बसा ना. तुमचा फोटो काढते."

शेठ खुशीत बसला. केसांवरून हात फिरवला. तोवर प्रणित मागच्या शिडीने छतावर पोहोचला होता. वेणूने पेटीतल्या पाण्याने भरलेली बादली वर दिली.

टप. टप. मग धारच लागली! छताच्या फटींत रंगाखाली भरलेली लांबी भसकन सुटली आणि शेठच्या शर्टावर पाणी ओघळलं.

"शी! हे काय?"

"पापलेटचं पाणी, शेठ!" वरून प्रणित ओरडला. "थेंबभर पण येत नाय ना?"

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "चला रे पोरांनो. नाय जमायचं."

"थांब आत्या!" एव्हाना गाडीखाली शिरलेली मनस्वी रांगत बाहेर आली. "फळ्या सडल्यात, पण खालचा लोखंडी सांगाडा अन् चाकं धडधाकट हायत. फळ्या बदलता येतात. म्हणून सांगाड्याचाच भाव द्यायचा!"

आत्याने पदर खोचला. "ऐकलंत शेठ? अर्धे. नायतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला पण हे पाणी दाखवू."

शेठने शर्ट पिळला, पोरांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तासाभरात कॅराव्हॅन टेम्पोमागे जोडली गेली. शेठ हात जोडून म्हणाला, "भावनाताई, पुढच्या वेळी या तिघांना घरी ठेवून या!"

"छे!" आत्या ऐटीत म्हणाली. "पुढच्या वेळी मीच घरी राहीन. यांनाच पाठवीन!"