आवेज आला तेव्हा

जमीला खुर्चीवर बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली. उदयसिंहनं घाई केली नाही. खासगी गुप्तहेर म्हणून लग्नाआधीच्या चौकशा करून करून तो कंटाळला होता. मार्चच्या उन्हानं ऑफिसचा पत्रा तापला होता, आणि पंखा नुसताच फिरत होता.

"माझ्या पोरानं मॅडमना ढकललं न्हाई, साहेब," ती शेवटी म्हणाली. "पण पोलीस म्हणतेत, मॅडम मरायच्या आधी त्याचंच नाव घेऊन गेल्या."

वैजयंती मॅडमना नवी पेठेत सगळे ओळखत. कापडाच्या दुकानावर त्यांचा इंग्रजीचा क्लास होता. मंगळवारी संध्याकाळी लाइट गेली असताना त्या क्लासच्या जिन्यावरून पडल्या. दवाखान्यात थोडा वेळ शुद्धीवर आल्या, आणि दोन दिवसांनी गेल्या. जमीलाचा मुलगा आवेज त्यांचा विद्यार्थी. जिन्यात त्यांच्याजवळ तोच सापडला होता. आता तो कोठडीत होता.

"मॅडमशी भांडण होतं त्याचं?"

"वर्गात फोन वाजला म्हणून आदल्या दिवशी बाहेर काढलं त्याला. त्यावर कोण जीव घेतंय का?" जमीलानं डोळ्यांना पदर लावला. "चार दिवस झाले, झोपला न्हाई म्हणं त्यो."

उदयसिंहनं उठून टेबलावरच्या किल्ल्या मल्लिनाथकडे टाकल्या. मल्लिनाथ त्याचा मदतनीस, अक्कलकोटचा. माणूस प्रामाणिक, पण डोकं जरा सावकाश चालणारं.

"स्कूटर काढ. आधी दवाखाना."

*

मॅडमच्या उशाशी ड्यूटीवर होती ती सिस्टर मारिया. दोन पाळ्या सलग करून तिचे डोळे लाल झाले होते.

"पोलिसांना सांगितलंय मी सगळं," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, आवेज आला तेव्हा मी पडले."

"हे मराठीत म्हणाल्या?"

"नाही, इंग्रजीत. पोलिसांना मी मराठीत सांगितलं. वॉर्डात तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती."

"सिस्टर, त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे आठवतात?"

मारियानं क्षणभर डोळे मिटले. "व्हेन आवेज केम, आय हॅड फॉलन. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. 'हॅड'वर जोर देऊन. जणू मीच त्यांची विद्यार्थिनी होते."

"आणखी कुणाचं नाव?"

"मी विचारलं, कुणी ढकललं का? त्यांनी मान फिरवली."

बाहेर आल्यावर मल्लिनाथ म्हणाला, "संपलंच की साहेब. आवेज आला, त्या पडल्या. लई सरळ हाय."

उदयसिंहनं स्कूटरवर बसत क्लासचा पत्ता सांगितला.

*

ऋतुजा आवेजच्याच वर्गात होती. मूळची करकंबची, खोली घेऊन राहणारी. क्लाससमोरच्या चहाच्या टपरीवर ती भेटली.

"लाइट गेली तेव्हा आवेज हितंच होता, माझ्यापाशी," ती म्हणाली. "आमचा चहा नुकताच आला होता. चहा संपवला त्यानं, तरी लाइट येईना. मग म्हणाला, मॅडमना अंधारात जिना उतरता यायचा न्हाई, मी घेऊन येतो. फोनची बॅटरी लावून गेला वर."

"पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं की. ते म्हणाले, मैत्रीण हाय, वाचवणारच."

"त्याच्या आधी जिन्यातून कुणी आलं-गेलं?"

"पार काळोख होता. दुकानातली माणसं रस्त्यावर आलेली. कोण कुटनं आलं, काय दिसतंय?"

"मॅडम शिकवायच्या कशा?"

ऋतुजा पहिल्यांदा किंचित हसली. "भूतकाळावर जीव खायच्या. दोन गोष्टी घडल्या तर आधी कुठली, ते सांग म्हणायच्या. आधीच्या गोष्टीला हॅड. ते चुकलं की सगळी गोष्टच खोटी पडते म्हणायच्या. क्लासात शिकवणारे कुमार सर पण तसेच. त्यांना मॅडमनीच घडवलंय."

*

कुमार वर्गात फळा पुसत होता. पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, दाढी वाढलेला. चार-पाच मुलं बाकांवर बसली होती. 'इथे मराठी बोलू नये' अशी पाटी भिंतीवर होती, तीही इंग्रजीत.

"मंगळवारचं विचारायचं होतं, सर."

कुमारनं पाटीकडे बोट केलं. मुलांसमोर नियम मोडायची त्याची तयारी दिसली नाही.

"व्हेन आय रीच्ड द स्टेअरकेस, द लाइट्स वेंट आउट," तो सावकाश म्हणाला. "व्हेन आय गॉट टू मॅडम, आवेज हॅड ऑलरेडी रीच्ड हर."

"मधे खाली थांबलात? कुणाशी बोललात?"

"नो. आय वेंट स्ट्रेट अप."

जिना उतरताना मल्लिनाथनं पायऱ्यांकडे बघत हिशेब मांडला. "सर जिन्यापाशी आले, लाइट गेली. थेट वर गेले तर आवेज आधीच मॅडमजवळ. म्हणजे पोरगा सापडला की, साहेब."

"मल्लिनाथ, फौजदारांना फोन लाव," उदयसिंह थकलेल्या आवाजात म्हणाला. "म्हणावं, क्लास सुटल्यावर वर या."

*

मुलं गेली होती. फौजदार शेवटच्या बाकावर अवघडून बसले होते. दाराशी ऋतुजा आणि मल्लिनाथ उभे होते. कुमार टेबलापाशी.

"मी पूर्वी कोर्टात साक्षींचा तर्जुमा करायचो," उदयसिंहनं सुरुवात केली. "एका शब्दानं माणूस आत जाताना पाहिलाय. इथंही तेच झालंय. सिस्टर मारियानं पोलिसांना सांगितलं, आवेज आला तेव्हा मी पडले. फौजदारसाहेब, तुम्हाला वाटलं, तो आला आणि त्यामुळे त्या पडल्या. पण मॅडमचे शब्द होते, आय हॅड फॉलन. आवेज आला तेव्हा मी पडले होते. आधी पडणं, मग आवेज. भाषांतरात 'होते' तेवढं गळालं."

फौजदारांनी टोपी काढून बाकावर ठेवली. "मग आधी कोण होतं तिथं?"

"ते कुमार सरांनी सांगितलं. ते जिन्यापाशी पोचले आणि लाइट गेली. लाइट गेली होती असं नाही म्हणाले. हॅड गॉन नाही, वेंट. म्हणजे त्या घटकेला ते जिन्यापाशीच होते. ऋतुजा सांगते, त्या घटकेला आवेज टपरीवर होता, हातात भरलेला कप घेऊन. चहा संपवून मग तो वर गेला. सर म्हणतात, मी थेट वर गेलो. मग आवेज त्यांच्या आधी पोचला कसा?"

"माझी बोलण्यात चूक झाली," कुमार मराठीत म्हणाला. "हॅड गॉन म्हणायचं होतं."

"त्याच दमात पुढच्या वाक्यात तुम्ही हॅड बरोबर लावलात. आवेज हॅड ऑलरेडी रीच्ड. सर, खोटं सांगताना तुम्ही काळजी घेतलीत. खरं होतं ते मात्र सवयीनं बरोबर बोलून गेलात."

खाली एक रिक्षा हॉर्न वाजवत निघून गेली.

"सिस्टरनी मॅडमना विचारलं होतं, कुणी ढकललं का," उदयसिंह आवाज खाली आणून म्हणाला. "त्यांनी मान फिरवली. शेवटच्या शुद्धीत त्या पोराला सोडवत होत्या, सर. आणि तुमचं नाव घेत नव्हत्या."

कुमार खुर्ची न ओढताच टेबलाच्या कडेला टेकला.

"क्लास बंद करणार होत्या," तो म्हणाला. "म्हणाल्या, पोरं आता मोबाइलवर शिकतात, तू दुसरं काहीतरी बघ. माझं सगळं तरुणपण इथं गेलंय. मी रागानं निघालो. त्या मागून आल्या. आम्ही जिन्याच्या तोंडाशी पोचलो आणि लाइट गेली. समजूत काढायला त्यांनी माझा हात धरला. मी हिसडा दिला. ढकललं नाही मी."

"मग हाक का नाही मारलीत कुणाला?" फौजदारांनी विचारलं.

"आवाज आला पडल्याचा. मी त्यांना ओलांडून खाली गेलो. रस्त्यावर गेल्यावर पाय पुढं जाईनात, म्हणून परत आलो. तर आवेज त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला." त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "मला काही बोलावंच लागलं नाही. सगळे त्याच्याकडेच बघत होते."

ऋतुजा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग फौजदार उठले, कुमारच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जिन्याकडे घेऊन गेले. उतरताना कुमार प्रत्येक पायरीवर थांबत होता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टाची कागदपत्रं झाली आणि आवेज बाहेर आला. चप्पल कुठं राहिली होती कोण जाणे, अनवाणीच होता. जमीलानं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

उदयसिंहनं रिक्षा थांबवली. दोघं मायलेकरं मागं बसली. रिक्षा सुरू व्हायच्या आतच आवेजची मान कलंडली आणि तो आईच्या खांद्यावर झोपी गेला, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा.

जमीलानं त्याचं डोकं सावरलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "भाई, आहिस्ता चलाओ. घर देर से पहुंचे तो बी चलता."