वरून वाढलेलं पाणी

तांब्यातली धार वरून पेल्यात पडली आणि जनकाबाईचं काळीज चरकलं... खोलीच्या उंबऱ्यापलीकडे तिची सून मंजुश्री उभी होती, नाकातोंडावर फडकं बांधलेली, पेल्याला तांब्या लागू नये म्हणून तो वीतभर उंच धरून. जनकाबाईने पेला उचलला, सुनेच्या डोळ्यांत डोळे घातले आणि सगळं पाणी तिच्या पायाशी ओतून दिलं.

"मले असं पाणी देतं तू? मले?"

"आत्याबाई, सिस्टरनं सांगतलं हाय. भांड्याले भांडं लागू द्याचं नाही, तुमच्या जवळ याचं नाही..."

"चुलीत गेली तुही सिस्टर. माह्याच घरात तू मले वरून पाणी देऊन राह्यली."

पेला पुन्हा भरून मंजुश्री मागे सरली.

साखरखेर्ड्याजवळच्या त्या खेड्यात जनकाबाईचं बालपण दुसऱ्यांच्या शेतात खुरपण्यात गेलं होतं. उन्हातून आल्यावर मालकाच्या ओसरीखाली ओंजळ धरून बसायचं, मालकीण वरून धार धरायची आणि तहान भागायच्या आतच ती धार थांबायची! पुढे स्वतःचं घर झालं तेव्हा जनकाबाईने अंगणात माठ मांडला आणि एक रीत घालून दिली. दारी कोणीही येवो, कोणत्याही जातीचा येवो, त्याच्या हातात तांब्या द्यायचा. सून घरात आली त्या दिवशी तिला पहिली शिकवण दिली तीही हीच... आणि आज त्याच सुनेने म्हातारीला पुन्हा त्या ओसरीखाली नेऊन बसवलं होतं.

बरं, तपासणीलाही तिने फसवूनच नेलं होतं. शाळेत कोरोनाची फुकट तपासणी होती, पण गावातलं काळं कुत्रं तिकडे फिरकत नव्हतं. आजार निघाला की गाडी दारात येते, माणसाला मेहकरला घेऊन जाते आणि मग त्याचं तोंडही दिसत नाही, ही धास्ती घराघरात बसली होती. म्हातारी खोकत होती, तापाने फणफणत होती, पण जायला तयार नव्हती. शेवटी मंजुश्रीने डोळ्यांचं शिबिर आहे म्हणून सांगितलं. "डोळ्यासाठी नाकात कांडी काऊन घालता बाई?" असं म्हातारीने विचारेपर्यंत कांडी आत जाऊनही आली होती.

आजार निघाला, म्हातारी खोलीत एकटी पडली आणि त्या पहिल्या धारेपासून तिने सुनेशी अबोला धरला. ती गेल्यावरच पाणी प्यायचं, ती दिसली की भिंतीकडे तोंड फिरवायचं. त्यातही मंजुश्रीची धार कधी नीट पेल्यात पडायची नाही, अर्धं पाणी उंबऱ्यावर सांडायचं. किती हा तिटकारा, म्हातारीला वाटे, पेल्याकडे बघवतही नाही हिला! मुलगा धम्मरत्न पुण्याला कंपनीत अडकलेला, वाटा बंद. त्याला फोनवर काही सांगितलं नाही म्हातारीने. आतल्या आत जळत राहिली.

म्हातारीचा ताप उतरला, खोकला गेला, आणि मग एका सकाळी धार धरायला कोणी आलंच नाही. आली ती अश्विनी सिस्टर.

"या बाहीर, जनकाबाई. तुमी मोकळ्या झाल्या आता."

"अन ते कुठं हाय? कटाळली का माह्या तोंडाले?"

सिस्टरने मागे बोट दाखवलं. "गोठ्यात हाय. घरात खोली एकच, तिच्यात तुमी, म्हणून ते पहिल्यापासून गोठ्यातच झोपे. तुमाले मेहकरले न्याले गाडी आलती, ठाऊक हाय का? डॉक्टरच्या पाया पडली ते. म्हणे, म्हातारी परक्यात जीव सोडीन. सारे नियम पाळतो, पण तिले तिच्या घरीच राहू द्या. म्हणून सोडलं आमी."

जनकाबाई भिंत धरत धरत गोठ्यापर्यंत आली. बकऱ्यांच्या दावणीशेजारी पोत्यावर मंजुश्री बसली होती. चेहरा पांढराफटक, श्वास लागलेला. तिचीही तपासणी झाली होती आणि तिला न्यायला बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यातून गाडी निघाली होती.

"पाणी..." ती पुटपुटली.

म्हातारी धावली. माठातून तांब्या भरून आणला, सुनेच्या हातात द्यायला पुढे झाली, तोच मंजुश्रीने हात मागे घेतले आणि ओंजळ केली.

"हातात नोका देऊ, आत्याबाई. वरून द्या."

"मी नाही देत तुले तसं. मरून जाईन, पण तसं नाही देत."

"द्या ना... लय तहान लागली."

जनकाबाईने तांब्या उंच धरला. हात असा थरथरू लागला की धार ओंजळीत पडेना, मनगटावरून, पोत्यावरून पाणी वाहू लागलं. आणि त्या क्षणी म्हातारीला उंबऱ्यावर सांडलेलं ते सगळं पाणी आठवलं. मालकिणीचा हात कधी थरथरला नव्हता! तिची धार ओंजळीच्या मधोमध पडायची, एक थेंब इकडेतिकडे व्हायचा नाही. इथे मात्र रोज, प्रत्येक वेळी, या लेकराचा हात कापत होता आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

"चुकलं माह्यं, पोरी..."

"तुमी बऱ्या झाल्या ना... बस झालं." ओली ओंजळ तोंडावरून फिरवून मंजुश्री हसली. जनकाबाईने डोळ्यांना पदर लावला, पण तांब्या खाली ठेवला नाही. गाडी येईपर्यंत ती धार धरत राहिली, घोट घोट.

मंजुश्री बुलढाण्याहून परत आली नाही.

पुढे वाटा मोकळ्या झाल्या आणि धम्मरत्न आला. अंगणातूनच हंबरडा फोडत तो आईकडे झेपावला. जनकाबाई तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने हात आडवा केला.

"तिथंच थांब, रत्ना. पुण्याहून आला तू. आधी शाळेत जाऊन तपासून ये."

"माय, मंजू गेली अन तू मले दारात थांबवतं?"

"ओंजळ कर."

तो बघतच राहिला. आपल्या घरची रीत त्याला माहीत होती, आणि ती मोडणारी ही आपलीच आई! मग प्रवासाने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत तो खाली बसला, ओंजळ पुढे केली. म्हातारीने वरून धार धरली. पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळून अंगणात चिखल होऊ लागला.

"सांडून राह्यलं, माय."

"सांडू दे बाबू. तिच्या हातून बी असंच सांडे."