पूर्वेकडे वळलेल्या खुर्च्या

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. माझ्या डोरोथी मावशीने मला हे वसईच्या घरी सांगितलं. भरदुपारी. तरीही सगळे दिवे लावून.

साल २००१. दोहा. अल हिलाल भागातली एक जुनी व्हिला.

तेव्हा कतारमध्ये चर्च नव्हतं. लोक कुणाच्या तरी भाड्याच्या घरात जमायचे, खिडक्या लावून, आवाज दाबून. मावशी हॉस्पिटलात नर्स होती. ती आणि तिचा नवरा, फ्लॉइड काका, या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. खालचा हॉल शुक्रवारी प्रार्थनेचा. सकाळी केरळचे सिरियन ख्रिस्ती, दुपारी आपले वसई-मुंबईचे कॅथलिक, त्यानंतर पेंटेकोस्टल.

ख्रिस्त एकच, पण भांडणं दर आठवड्याला! कुणाला मारियामातेची मूर्ती खुपायची, कुणाला दुसऱ्यांच्या टाळ्या. काकाचं तर केरळवाल्यांच्या कुरियनशी अजिबात पटत नसे. वेळ संपली तरी तो हॉल सोडायचा नाही, एवढंच खरं कारण.

त्या शुक्रवारी संध्याकाळी सगळे पांगले. मावशीने हॉल आवरला, कुलूप लावलं आणि ती वर आली.

थोड्या वेळाने खालून आवाज आला...

गुणगुणल्यासारखा. खोल. पुष्कळ पुरुषांचा.

कुणी आत राहिलं की काय?

ती खाली गेली. कुलूप तसंच होतं. उघडलं...

आत कुणी नव्हतं.

पण प्लॅस्टिकच्या सगळ्या खुर्च्या फिरलेल्या होत्या. प्रार्थनेच्या टेबलाकडे पाठ. पूर्वेच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड.

आणि हॉलभर खारट, ओल्या वाळूचा वास...

मावशीने खुर्च्या सरळ केल्या. काकाला सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

मग घरमालकाचा फोन आला. शेजारी म्हणतात, तुमच्याकडे रोज संध्याकाळी गाणी चालतात. अजून एक तक्रार आली तर खलास, घर रिकामं करा.

रोज? प्रार्थना तर फक्त शुक्रवारी व्हायची. बाकीच्या संध्याकाळी ती दोघं कामावर असायची.

काकाने मात्र लगेच ठरवून टाकलं. "हा कुरियनचाच उद्योग. डुप्लिकेट चावी केलीय त्याने. पूर्वेकडे तोंड करून तेच प्रार्थना करतात ना? आपल्या सगळ्यांचे व्हिसे घालवणार हा माणूस!"

त्याने कुरियनला बोलावून घेतलं आणि हॉलमध्येच नको नको ते बोलला. चोर म्हणाला.

कुरियन हळूच म्हणाला, "भाई, हम लोग खड़े होकर प्रार्थना करते हैं. कुर्सी तो हम बाहर रखते हैं."

बाहेर मग्रिबची, सूर्यास्ताची अजान झाली. संपली.

एसी आपोआप बंद पडला.

आणि ते सुरू झालं...

पायाखालून. फरशीच्या खालून. एक आवाज, मग त्याला उत्तर देणारे अनेक.

काकाने घाबरून समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

कुरियन खाली वाकून ऐकू लागला. "सुरियानी..." तो पुटपुटला. "सिस्टर, ये हमारी प्रार्थना की भाषा है. लेकिन ऐसे अब कोई नहीं बोलता. बहुत पुराना है ये."

"कौन है?" मावशीने विचारलं.

"इस किनारे पर मठ थे, सिस्टर. इस्लाम के भी पहले. अपने लोग थे."

"अपने मतलब किसके?" काका ओरडला. "तुम्हारे या हमारे?"

आवाज थांबला.

एकदम.

कुणीतरी कान देऊन ऐकतंय, असा...

आणि काकाने धरलेली खुर्ची त्याच्या हातातच सावकाश पूर्वेकडे फिरली.

काका जिना चढून पळाला. कुरियन तिथेच गुडघ्यांवर बसला आणि रडत रडत, त्या आवाजाने अर्धवट सोडलेली ओळ त्याने पुरी केली.

महिनाभरात त्यांनी घर सोडलं. सगळे गट वेगवेगळ्या घरांत विखुरले. काका कुरियनची माफी मागायला कधीच गेला नाही. मावशीने पुष्कळ सांगून पाहिलं. कुरियनचं नाव काढलं की तो उठून जायचा.

नंतर त्या घरात रत्नागिरीचं कुटुंब आलं. रिफत आणि त्याची बायको बिलकिस. घरमालकाकडून नंबर घेऊन बिलकिसने एक दिवस मावशीला फोन केला.

"आंटी, रागावू नका, एक विचारायचं होतं. आम्ही खाली घरच्या घरी नमाज पढतो. हे पुढे, मागे मी आणि मुलं. शेवटी दुआ मागून आम्ही आमीन म्हणतो ना..."

"हं?"

"मग आमच्या मागून परत आमीन येतं. पुष्कळ जणांचं..."

बिलकिसने आवाज खाली आणला.

"आंटी, तुम्ही गेलात तेव्हा सगळे गेले होते ना?"

मावशीने फोन ठेवून दिला.

आता ती वसईत असते. रोज संध्याकाळी आम्ही एकत्र रोझरी म्हणतो. शेवटचं आमेन मावशी अगदी हळू म्हणते आणि मग हात वर करून आम्हाला गप्प बसवते.

ऐकत राहते...

हल्ली मीही ऐकतो.