घरातलं शेवटचं नाक

"बाबा, आपल्या गाडीत तुम्ही मेलेलं काय भाजताय?"

विचारून टाकलं एकदाचं. मागच्या सीटवर तहसीनने ईराला कोपर मारलं. "हिंमत असेल तर विचार," असं दोघी मैत्रिणींनी शाळेच्या फाटकातच बजावलं होतं, आणि ओजस्वीला हल्ली कुणी हिमतीवर बोट ठेवलेलं खपत नसे.

बाबांनी आरशातून पाहिलं. "शेकोटी पेटली असेल कुठेतरी. थंडी बघ किती आहे."

चार दिवस ओजस्वीनेही तो वास शेकोटीवरच ढकलला होता. पण शेकोटी काही गाडीबरोबर पळत नाही. जळके केस, नासलेलं दूध आणि त्याखाली काहीतरी गोडसर, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारं. शी.

आई-बाबांना तो येणं शक्यच नव्हतं. त्यांनी गंधशांती घेतली होती. सोळावं सरलं की नाकात दोन थेंब. घाण वास ओळखणाऱ्या पेशी कायमच्या झोपी जातात, मोगरा तेवढा जागा राहतो. वसाहतीमागचा कचऱ्याचा डोंगर कुणी हलवला नाही. त्यापेक्षा नाकं मिटणं सोपं पडलं. ओजस्वीचे थेंब सोमवारी होते.

"गाडीने सकाळीच स्वतःला तपासलंय," बाबा म्हणाले. "सगळे दिवे हिरवे."

"तिला कुठे नाक आहे? हीटर बंद करा जरा."

बाबांनी केला. वास ओसरला.

"आता लावा."

भपकारा असा आला की ईराने ओढणीत तोंड खुपसलं. ओजस्वी पुढे वाकली आणि हवेच्या एकेका जाळीला नाक लावत गेली. उजवीकडे कमी. मधे जास्त. आईच्या गुडघ्यांसमोर असह्य.

"गाडी थांबवा, बाबा. आत्ता."

तिचा आवाज असा लागला होता की बाबांनी थांबवली. आईने समोरचा कप्पा उपसून काढला, त्यामागचं हवागाळणीचं झाकण ओढलं आणि आत हात घातला.

बाहेर आलं ते उंदराचं घरटं. सीटमधला कापूस, शाळेच्या वहीचं पान, लेंड्या, आणि मधोमध सहा पिल्लं, निम्मी करपलेली, एकमेकांना चिकटलेली. त्यांच्या खाली कुरतडलेली वायर. तिचं वेष्टण वितळून गुळाच्या पाकासारखं ओघळलं होतं. तांबं उघडं पडलं होतं आणि कापूस तपकिरी.

"अजून दोन दिवसांत पेटलो असतो," बाबा हळूच म्हणाले.

तहसीन रस्त्याच्या कडेला ओकत होती. ओजस्वीची नजर मात्र आईवर खिळली होती.

आईने ते सगळं उघड्या हातानेच उचललं होतं. "अगंबाई, पिल्लं," एवढंच म्हणाली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. घरटं दारातूनच गटारात टाकून तिने हात शालीला पुसला, आणि मांडीवरच्या पुडीतले भाजलेले हरभरे त्याच हाताने तोंडात टाकले.

"आई."

"काय गं? देऊ का तुला?"

थेंबांनी फक्त वास जातो, असं शाळेत सांगितलं होतं. किळसही जाते, हे नव्हतं सांगितलं.

ओजस्वीने पुडी तिच्या मांडीवरून उचलून घेतली.

"सोमवारी मी थेंब घालून घेणार नाही," ती दोघांना म्हणाली. "माझं नाक उघडंच राहणार. आता तुमची परत उघडतात का, ते कुणाला विचारायचं, सांगा."