ब्रोतनेस साहेबांची तहकूब सभा

हे माझ्या सख्ख्या मामाबरोबर घडलंय. आणि माझा मामा खोटं बोलत नाही, कारण त्याला ते जमत नाही.

मे १९९८. कुवेतमधलं अहमदी. वेळ रात्रीची नाही, दुपारी एकची. बाहेर सत्तेचाळीस डिग्री. अशा उन्हात भूतसुद्धा घराबाहेर पडत नाही...

तेच तर झालं.

तुळशीदास मामा सुतार. चार दिवसांनी राजापूरला त्याचं लग्न, आणि विमान आजच संध्याकाळी. ठेकेदाराने दोन वर्षं स्वतःच्या कपाटात ठेवलेला पासपोर्ट सकाळी हातात दिला आणि वर म्हणाला, "जाता जाता एक दार बसवून जा."

बंगला जुना, रिकामा. रत्नागिरीचा सर्फराज पिकअप घेऊन बाहेर थांबला.

"इथे नॉर्वेचा एक म्हातारा राह्यचा," तो म्हणाला. "तिकडचा माजी मंत्री. बोलायला लागला की थांबायचा नाय. बोलता बोलताच गेला बिचारा. तू लवकर आटप. लग्न तुझ्यासाठी थांबेल, विमान नाय."

मामाने दार बसवलं. आतून लावून पाहिलं.

मस्त बसलं...

इतकं मस्त, की उघडेना.

मामाने बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू काढले. बिजागऱ्या हातात आल्या. दार जागचं हललं नाही.

खिडकीतून पिकअप दिसत होती. मामाने काच बडवली. सर्फराज थेट मामाकडेच बघत होता...

पण त्याला मामा दिसत नव्हता.

मग मागे कोणीतरी घसा खाकरला.

खोलीत कोणी नव्हतं. फक्त आवाज. मामाला इंग्रजी येत नाही, नॉर्वेत काय बोलतात तेही ठाऊक नाही. तरी शब्द न् शब्द कळत होता.

"मी हालस्टेन ब्रोतनेस. कोळ्याचा मुलगा..."

पुढे सगळं आयुष्य. गावचा नगराध्यक्ष. तीन वेळा खासदार. अकरा महिने मत्स्यमंत्री. मग नऊ मतांनी पडला. आभाराची सभा ठेवली, तिला कोणी आलंच नाही. म्हणून जहाजांचा सल्लागार होऊन इथे, वाळवंटात.

भाषण संपलं. मामाने भीतीने टाळ्या वाजवल्या.

"कोरम नाही," आवाज म्हणाला. "पंधरा सभासद हवेत. एकच हजर आहे. पुन्हा वाचतो."

"मी हालस्टेन ब्रोतनेस. कोळ्याचा मुलगा..."

असं तीन वेळा. घड्याळात साडेचार.

"साहेब, माझं लग्न आहे हो!"

"सभा चालू असताना सभागृह सोडता येत नाही."

मामा रडकुंडीला आला. पण मामा कुवेतच्या जलीब वस्तीतल्या आमच्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस. दर शुक्रवारी एका खोलीत बैठक, हजर नऊ, पैकी सहा झोपलेले. सभेच्या नोटिशीचं वाक्य तोंडपाठ. तो ओरडला,

"कोरमअभावी सभा तहकूब! तहकूब सभेला कोरमची गरज राहणार नाही!"

आवाजाने घसा खाकरला...

दार धाडकन बाहेर पडलं.

"बसवलंस काय दार?" सर्फराजने विचारलं.

"पडलं. गाडी मार!"

विमान मिळालं. लग्न झालं. मालन मामी घरी आली. आणि हळद उतरायच्या आत मामाला आठवलं. नोटिशीत तहकूब सभेची वेळ आणि ठिकाण लिहावंच लागतं.

त्याने सांगितलंच नव्हतं.

म्हणजे कधीही. कुठेही. आणि एकटा मामा पुरेसा.

मामा परत कुवेतला गेला नाही. आठ वर्षं काहीच झालं नाही.

आता २००६. मी कुवेतमध्येच, मीना अब्दुल्लात वेल्डर आहे. गेल्या महिन्यात मामीचा फोन आला.

"अरे, तुझे मामा दुपारी सामानाच्या खोलीत गेलेत. दार उघडत नाही. आतून टाळ्या ऐकू येतायत..."

"मामाच वाजवत असेल."

"बऱ्याच माणसांच्या रे."

संध्याकाळी मामा बाहेर आला. काय झालं, सांगेना. आता रोज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून आत जातो.

काल मीच फोन केला. "मामा, नको ना जाऊस."

"मला कुठे जायचंय? पण अध्यक्षाला गैरहजर राहता येत नाही."

"तू अध्यक्ष?"

"परवा झालो. बिनविरोध."

"कोणी निवडलं?"

मामाने रिसीव्हरवर हात ठेवला आणि हळूच कोणाला तरी विचारलं...

"सांगू का?"

मी फोन ठेवून दिला.