नसेचे दोन सूर

बुटाची नाडी बांधायला सुलक्षणा मगदूम खाली वाकली आणि तिच्या कानात बारीक शिट्टी वाजली. ती तिथेच थांबली. कंबर सरळ केली, पाय बाकावर ठेवला आणि मग नाडी बांधली. शिट्टी बंद!

"ऐकू आलं! नाझनीन, दुखायच्या आधी ऐकू आलं!"

कुरुंदवाडच्या त्या व्यायामशाळेत सकाळचा सराव रंगात आला होता. तिच्या ओरडण्याने सगळ्यांच्या माना वळल्या. डॉ. नाझनीन मुजावर मात्र हातातल्या पडद्याकडे बघत हसत होती. सायटिकाची कळ उठण्याआधी नस काहीतरी सांगत असणार, ते ऐकता आलं पाहिजे, या एकाच ध्यासाने तिने 'नसपट्टा' बनवला होता. कातडीसारखी मऊ पट्टी, आत केसाहून बारीक तारा. कमरेपासून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत ती चिकटवायची. नसेतून धावणारे विजेचे सूक्ष्म संकेत ती टिपायची आणि कानातल्या मण्याएवढ्या यंत्रात, तसाच नाझनीनच्या हातातल्या पडद्यातूनही, त्यांचा आवाज व्हायचा.

सुलक्षणा चाळिशीतली, शाळेत खेळ शिकवणारी. वजन उचलणं हे तिचं लहानपणापासूनचं वेड. दोन वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेच्या सरावात तिच्या मणक्यातली चकती सरकली आणि कुल्ल्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत आग पेटली. "नस आणखी दबली तर पाऊल लुळं पडेल. वजनं विसरा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून बाजारातली पिशवी उचलतानाही तिला घाम फुटायचा.

तिला शाळकरी वयापासून शिकवणारे भूपाल चौगुले सर शिट्टीची गोष्ट ऐकून जागेवरून उठलेच.

"मग सोप्पं झालं की! नस बोलंल तसं आपण करायचं. जमिनीवरनं उचलायचं बंद. वजनाचा बार ठोकळ्यांवर ठेवूया."

एका ठोकळ्यावर शिट्टी वाजली, दोनवर वाजली. बार गुडघ्याच्या वर आला आणि कान शांत झाला. खांद्यावर बार घेऊन बैठक मारली की पुन्हा शिट्टी. सरांनी खांद्यावरचं वजन काढलं आणि कमरेला रुंद पट्टा बांधून ते दोन पायांमध्ये टांगलं. कण्यावर भार नाही, मांड्यांना मात्र पुरेपूर काम.

"वाकायचं ते कमरेतनं न्हाई, खुब्यातनं," सर पुन्हा पुन्हा सांगायचे.

रोज नवा प्रयोग, रोज नवा शोध. काही आठवड्यांत सुलक्षणा जिना न थांबता चढू लागली. पोटरीतल्या मुंग्या गेल्या. एके दिवशी ती घरातलं गव्हाचं पोतं उचलून आत ठेवून आली आणि स्वतःच चकित होऊन बघत राहिली.

आणि मग तो दुसरा सूर उमटला.

"आज ऐंशी किलो लावूया," सर म्हणाले. त्याबरोबर तिच्या कानात घरघर सुरू झाली. लांब मळ्यात पाण्याची मोटर चालू असावी, तशी.

नाझनीनने पडदा जवळ ओढला. तिचे डोळे चमकले. "ताई, ही शिट्टी नाही! शिट्टी म्हणजे नसेकडून वर मेंदूकडे जाणारा संकेत. हा उलटा आहे, मेंदूकडून खाली येणारा. स्नायू आवळून धरा, असा हुकूम आहे हा. आणि तुम्ही अजून बारला हातसुद्धा लावलेला नाही!"

"म्हणजे मी घाबरलेय?"

"घाबरलायत. आणि ते आपण चक्क ऐकतोय!"

सरांनी वजनाच्या चकत्यांवर टॉवेल टाकले. किती वजन आहे हे न कळता सुलक्षणाने बार उचलला. घरघर नाही, शिट्टीही नाही. टॉवेल काढले तेव्हा ऐंशीहून जास्त वजन होतं. तिने सरांना मिठीच मारली.

पण दर वेळी वजन लपवून कसं चालेल? सुलक्षणाने पुन्हा नाव दिलेली वरिष्ठ गटाची स्पर्धा जवळ आली होती. नाझनीनने रात्रंदिवस खपून पट्टीत नवी सोय केली. खालून विजेची हलकीशी उलटी लहर सोडायची, की स्नायू सैल पडतात आणि धोका नाही असं मेंदूला वाटतं.

त्या सकाळी लहर सुरू झाली आणि सुलक्षणाला अंग पिसासारखं हलकं वाटलं. नव्वद सहज वर गेलं. पंच्याण्णवही. व्यायामशाळेत टाळ्या पडल्या.

"शंभर लावा!"

शंभर उचलताना शिट्टी वाजली. तिने ती स्पष्ट ऐकली, पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही. बार खाली आला.

"एकशेदहा!"

"शिट्टी मला इथनं ऐकू येतीय," सर म्हणाले. "बास कर."

"लावा म्हणते ना!"

ती वाकली, तेवढ्यात सरांनी बारवर पाय ठेवला. तिने त्यांना जोरात ढकललं. सर मागच्या बाकावर आदळले. तिच्या आयुष्यात असं कधी घडलं नव्हतं. नाझनीनने घाईघाईने लहर बंद केली. क्षणात सुलक्षणाचा पाय मुंग्यांनी भरला आणि ती मटकन खाली बसली.

नाझनीनने तिच्या पावलाला बोट टोचून पाहिलं, अंगठा हलवायला लावला. अंगठा हलला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"सर, लागलं का हो?" सुलक्षणाने विचारलं.

"मला काय होतंय! तू बरी हैस नव्हं?"

नाझनीन पट्टी सोडवू लागली. "चुकलं माझं, ताई. भीती बंद करायला नको होती. ही सोय मी काढून टाकते."

सरांना ढकललेल्या हातांकडे बघून सुलक्षणाला लाज वाटत होती. पण त्याच हातांत ते विलक्षण हलकेपण अजून सळसळत होतं. तसं मोकळं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सर पाणी आणायला गेल्यावर तिने नाझनीनचं मनगट हळूच धरलं.

"काढू नकोस," ती कुजबुजली. "उद्या एकदाच... परत लावशील?"